कारखान्यासाठी पंप कसा निवडावा: मोजमापापासून चाचणीपर्यंत

जळगावची एमआयडीसी असो की धुळ्याची, पंप घ्यायला आलेला माणूस दुकानात बहुधा एकच वाक्य बोलतो: "साडेसातचा एक द्या, तीन बाय अडीच." साडेसात म्हणजे अश्वशक्ती आणि तीन बाय अडीच म्हणजे पंपाच्या दोन तोंडांचे इंचातले माप. द्रव कोणता आहे, तो ताशी किती लागतो, किती उंच न्यायचा आहे, गरम आहे की गार, यातले काहीच या दोन आकड्यांवरून समजत नाही. शेतातल्या विहिरीवर ही रीत बऱ्यापैकी निभावते, कारण तिथे द्रव एकच असतो आणि आजूबाजूच्या दहा विहिरींचा अनुभव हाताशी असतो. कारखान्यात मात्र याच रीतीमुळे सील (फिरत्या दांड्याभोवतीची गळती थांबवणारे भाग) वारंवार जातात, मोटारी जळतात आणि विजेचे बिल कारण न कळता वाढत राहते.

पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत, कारण प्रत्येक टप्प्यातील आकडा पुढच्या टप्प्यात वापरावा लागतो. अश्वशक्ती आधी ठरवून बाकीचे आकडे तिच्याभोवती जुळवले, तर सगळी मांडणी उलटी होते.

## टप्पा १: द्रवाची पूर्ण ओळख कागदावर मांडा

द्रवाचे नाव लिहिले म्हणजे द्रव कळला असे होत नाही. नावाबरोबर त्याची तीव्रता किती टक्के आहे, कमाल आणि किमान तापमान किती, घनता, चिकटपणा आणि बाष्पदाब (ज्या दाबाला द्रवाची वाफ होऊ लागते तो) किती, आणि त्यात घन कण असल्यास ते किती मोठे, किती प्रमाणात आणि कितपत कठीण आहेत, हे सगळे लिहावे लागते.

खानदेशात हे मोजमाप एकाच दिवशी घेऊन भागत नाही. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तर धुळ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो एक आकड्यावर येतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखालच्या टाकीतून पाण्यासारखे वाहणारे सरकीचे तेल जानेवारीच्या पहाटे लक्षणीय दाट झालेले असते. शहाद्याकडच्या साखर कारखान्यांचा तर हंगामच थंडीत येतो आणि मळी नेमकी त्याच दिवसांत सर्वात घट्ट असते. म्हणून चिकटपणा जानेवारीच्या पहाटेचा धरावा, बाष्पदाब मे महिन्यातल्या दुपारचा धरावा, विहिरीची किंवा बोअरची पातळी मे अखेरची धरावी, आणि नदीचे पाणी थेट उचलायचे असेल तर गाळाचे प्रमाण तापीला पूर असतानाचे धरावे. ऑक्टोबरमध्ये पाहणी करून त्या दिवशीचे आकडे वर्षभराचे म्हणून लिहिणे ही फार मोठी आणि नेहमी होणारी चूक आहे.

घनतेबाबतही एक गैरसमज पक्का बसलेला आहे. सेंट्रिफ्यूगल पंप (फिरत्या चाकाच्या जोरावर द्रव फेकणारा) मीटरमध्ये जे हेड (द्रव जितका उंच चढवता येईल तेवढा जोर) देतो ते पाण्याला आणि पाण्याइतक्याच पातळ पण जड द्रवाला सारखेच असते. मात्र दाब आणि लागणारी शक्ती घनतेच्या प्रमाणात वाढते. पन्नास टक्के कॉस्टिक लाय पाण्याच्या सुमारे दीडपट जड असते. पाण्यावर व्यवस्थित चालणारी मोटार त्याच पंपाला लायवर लावली, तर तिच्यावर जवळपास दीडपट भार येतो.

धातूची निवडही याच टप्प्यावर करून टाकावी. "स्टेनलेस स्टील आहे, काही होत नाही" हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकले आहे आणि ते धोकादायक आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल एसएस ३१६ ला सुद्धा खाते. तिथे पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीडीएफ हे प्लॅस्टिक लागते. सोडियम हायपोक्लोराइटही स्टेनलेस स्टीलला मानवत नाही. सल्फ्युरिक आम्लाची चाल उलटी आहे: साधारण तापमानाला ९८ टक्क्यांचे आम्ल बिडाच्या पंपात चालते, पण तेच पाणी मिसळून सौम्य झाले की बीड झपाट्याने झिजवते. कॉस्टिक लायला बीड आणि स्टेनलेस स्टील चालते. अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि जस्ताचा मुलामा चालत नाही.

सावधान: पंप धुताना आत पाणी जाते, हेही द्रवाच्या यादीत लिहावे. तीव्र सल्फ्युरिक आम्लाचा बिडाचा पंप नुसत्या पाण्याने धुऊन ठेवला, तर आत राहिलेले आम्ल सौम्य होऊन पंप उभ्या उभ्या खराब होतो.

## टप्पा २: प्रवाह किती हवा ते प्रक्रियेवरून काढा

प्रवाहाचा आकडा जुन्या पंपाच्या नेमप्लेटवरून उचलू नये. जुना पंप कोणीतरी अंदाजाने घेतलेला असण्याचीच शक्यता जास्त.

थंड पाण्याच्या फेरीसाठी हिशेब सोपा आहे: काढायची उष्णता किलोवॅटमध्ये घ्यावी, तिला ०.८६ ने गुणावे आणि पाण्याचे तापमान जितके अंश वाढू द्यायचे आहे त्याने भागावे. उत्तर घनमीटर प्रतितास येते. पीव्हीसी पाइपच्या एखाद्या कारखान्यात २१० किलोवॅट उष्णता काढायची आहे आणि पाणी ५ अंशांनी तापू द्यायचे आहे असे धरू. उत्तर सुमारे ३६ घनमीटर प्रतितास, म्हणजे सेकंदाला १० लिटर. हेच उदाहरण पुढे चालवू.

जुनी प्रणाली चालू असेल तर मोजण्याचा साधा मार्गही आहे. दोन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद टाकीचा उपसा बंद करून तिच्यात पंपाचे पाणी सोडावे आणि पातळी ३० सेंटिमीटर चढायला लागणारा वेळ घड्याळावर पाहावा. ९० सेकंद लागले, तर ०.९ घनमीटर पाणी दीड मिनिटात आले, म्हणजेच ताशी ३६ घनमीटर. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी.

नेहमीचा, कमाल आणि किमान असे तीनही प्रवाह लिहावेत. किमान प्रवाह बहुतेक जण लिहीत नाहीत. पण चारपैकी तीन यंत्रे बंद असताना पंपाचे काय होईल हे त्याच आकड्यावरून कळते.

## टप्पा ३: हेडचा हिशेब तुकड्यातुकड्याने करा

एकूण हेडमध्ये चार भाग येतात: प्रत्यक्ष उंची, दोन्ही टोकांच्या दाबांतील फरक, यंत्रांमधील व नोझलमधील दाबाची घट, आणि पाइप व फिटिंगमधील घर्षण. प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत लिहावा. एकदम "तीस मीटर धरा" असे म्हणू नये.

उंची मोजताना जमिनीपासून मोजायची नसते, पाण्याच्या पातळीपासून मोजायची असते, आणि तीही टाकी सर्वात रिकामी असतानाच्या पातळीपासून. बंद फेरीत, म्हणजे द्रव हवेशी कुठेही उघडा न पडता परत पंपाकडे येतो तिथे, उंचीचा भार शून्य धरायचा असतो, कारण वर चढलेले पाणी खाली उतरताना तो परत देते. तीन मजली इमारतीच्या बंद फेरीसाठी बारा मीटर उंची विनाकारण मिळवलेले हिशेब मी पाहिले आहेत.

आता आपले उदाहरण घेऊ. हौदातील पाण्यापासून कूलिंग टॉवरच्या नोझलपर्यंतची उंची ४ मीटर, नोझलसाठी लागणारा दाब ५ मीटर, यंत्रांमधील घट १० मीटर. पाइपची जातानाची व येतानाची लांबी १२० मीटर आणि बेंड, व्हॉल्व्ह वगैरेंची समतुल्य लांबी ३० मीटर, अशी एकूण १५० मीटर. सेकंदाला १० लिटर पाण्यासाठी दर १०० मीटर लोखंडी पाइपमागे घर्षण साधारण असे येते: ६५ मिलिमीटर आतील व्यासाला १८ मीटर, ८० ला साडेसहा मीटर आणि १०० ला सव्वादोन मीटर.

८० मिलिमीटरचा पाइप घेतला तर घर्षण सुमारे १० मीटर आणि एकूण हेड २९ मीटर होते. १०० मिलिमीटरचा घेतला तर घर्षण साडेतीन मीटरच्या आत येते आणि एकूण हेड सव्वाबावीस ते साडेबावीस मीटर होते. पंपाला लागणारी शक्ती काढण्यासाठी घनमीटर प्रतितास, हेड आणि सापेक्ष घनता यांचा गुणाकार करून त्याला ३६७ ने आणि पंपाच्या कार्यक्षमतेने भागावे. कार्यक्षमता ६५ टक्के धरल्यास पहिल्या पाइपला ४.४ किलोवॅट आणि दुसऱ्याला ३.४ किलोवॅट लागतात. मोटारीतील तूट धरून, वर्षाला सहा हजार तास चालणाऱ्या प्रणालीत हा फरक जवळपास ६,९०० युनिटांचा होतो. म्हणून पाइप आधी ठरवून झाला असेल तरी पंपाचा हिशेब मांडताना तो निर्णय एकदा पुन्हा उघडून पाहावा.

बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या फेरीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ८० मिलिमीटर पाइपमध्ये क्षारांचा ५ मिलिमीटर थर बसला की आतला व्यास ७० वर येतो आणि तेवढ्याने घर्षण जवळजवळ दुप्पट होते. यावर मोठा पंप हा उपाय नाही. पाणी मऊ करून घ्यावे किंवा पाइप वेळेवर साफ करावा.

तपासणी: सक्शन (पंपाकडे द्रव आणणाऱ्या) पाइपमधील वेग सेकंदाला १ ते १.५ मीटर आणि डिलिव्हरीतील (पंपातून द्रव बाहेर नेणाऱ्या पाइपमधील) वेग १.५ ते २.५ मीटर यांच्या आसपास आहे का, ते पाहावे. आपल्या उदाहरणात ८० मिलिमीटर पाइपमध्ये तो २ मीटर येतो. म्हणजे डिलिव्हरीला तो चालेल, सक्शनला मात्र १०० मिलिमीटरचाच पाइप घ्यावा लागेल.

## टप्पा ४: राखीव वाढ एकदाच आणि एकाच माणसाने धरावी

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

हिशेब २९ मीटरचा आला. हिशेब करणाऱ्याने दहा टक्के वाढवून ३२ लिहिले. ठेकेदाराने आपली जबाबदारी नको म्हणून पंधरा टक्के वाढवले, तो आकडा ३७ झाला. विक्रेत्याकडे ४० मीटरचा पंप तयार पडलेला होता, त्याने तो दिला. प्रत्येकाने आपापल्या जागी सावधगिरीच बाळगली. पण प्रणालीला हवे होते २९ आणि पंप आला ४० मीटरचा.

पंप काही ४० मीटर "देत" बसत नाही. प्रणालीला जेवढा विरोध असतो त्याच्याशी जुळेल त्या बिंदूवर तो स्वतःहून सरकतो. आपल्या उदाहरणात असा पंप ३६ ऐवजी सुमारे ४१ ते ४२ घनमीटर पाणी फेकू लागेल आणि ४.४ ऐवजी साडेसहा किलोवॅट ओढेल. साडेपाच किलोवॅटची मोटार त्यावर ट्रिप होईल. मग कामगार डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह अर्धवट बंद करतो, प्रवाह ३६ वर येतो आणि सगळ्यांना वाटते की प्रश्न सुटला. प्रत्यक्षात त्या अवस्थेतही पंप ६ किलोवॅट खातच असतो. वरचे अकरा मीटर हेड व्हॉल्व्हमध्ये रोज जिरत राहते. ज्या पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे अर्धा बंद आहे, तो पंप चुकीचा निवडलेला आहे असे खुशाल समजावे.

घर्षणाच्या भागावर दहा ते पंधरा टक्के वाढ धरणे पुरेसे असते, कारण अनिश्चितता तिथेच असते. प्रत्यक्ष उंची टेपने मोजलेली असते, तिच्यावर वाढ धरण्याचे कारण नाही. धरलेली वाढ कागदावर वेगळ्या ओळीत लिहावी आणि चौकशीपत्रात "राखीव वाढ धरलेली आहे, आणखी धरू नये" असे स्पष्ट वाक्य टाकावे.

## टप्पा ५: सक्शनची बाजू, अर्थात एनपीएसएच

पंप द्रव ओढून घेतो ही समजूत सोडून द्यावी. पंप फक्त तोंडाशी जागा करून देतो; द्रवाला आत ढकलतो तो हवेचा दाब. तो दाब पाण्याच्या भाषेत समुद्रसपाटीला १०.३ मीटर असतो आणि समुद्रसपाटीपासून दोनशे ते अडीचशे मीटर उंचीवरच्या जळगाव-धुळ्यात तो सुमारे १०.१ मीटर राहतो. त्यातून द्रवाचा बाष्पदाब वजा करावा, सक्शन पाइपमधील घर्षण वजा करावे, आणि द्रवाची पातळी पंपाच्या मध्यरेषेच्या वर असेल तर ती उंची मिळवावी, खाली असेल तर वजा करावी. जे उरते ते उपलब्ध एनपीएसएच (नेट पॉझिटिव्ह सक्शन हेड). पंपाला लागणारा एनपीएसएच उत्पादकाच्या वक्रावर (पंपाच्या कामगिरीच्या आलेखावर) दिलेला असतो. उपलब्ध आकडा लागणाऱ्या आकड्यापेक्षा किमान एक मीटरने जास्त हवा.

पाण्याचा बाष्पदाब ३० अंशांना अर्ध्या मीटरहूनही कमी असतो, ४५ अंशांना तो एक मीटरच्या घरात जातो, ६० ला दोन मीटर, ८० ला पाच मीटर आणि ९५ ला सुमारे ८.६ मीटर होतो. वाढ सारख्या पावलांनी होत नाही, म्हणून गरम पाण्यावर अंदाज हमखास चुकतो.

खाद्यतेल शुद्ध करणाऱ्या एका कारखान्यात कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) परत बॉयलरकडे पाठवणारा पंप चार महिन्यांत तीन सील खाऊन बसला होता. आवाज असा, की कोणी पंपात मूठभर खडी टाकली आहे. पहिले दोन सील मीच बदलून घेतले, कारण तेव्हा मीही सीललाच दोष देत होतो. तिसऱ्या वेळी केसिंग (पंपाचे कवच) उघडून इंपेलर (आतले पात्यांचे फिरते चाक) हातात घेतला. पात्यांच्या आतल्या कडा वाळवीने पोखरलेल्या फळीसारख्या झाल्या होत्या. बोट फिरवले की खळगे लागत होते, आणि बाहेरच्या कडा मात्र नव्यासारख्या गुळगुळीत होत्या. झीज गाळाने झाली असती तर ती बाहेरच्या कडेला अधिक दिसली असती. आतल्या तोंडाशी, जिथे दाब सर्वात कमी असतो, तिथेच खड्डे पडणे ही कॅव्हिटेशनची (कमी दाबाने द्रवात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याची) खूण आहे.

मग हिशेब केला. पाणी ९५ अंशांचे, उघडी टाकी पंपाशेजारी जमिनीवरच ठेवलेली आणि पातळी पंपापेक्षा फक्त ८० सेंटिमीटर वर. हवेचा दाब, बाष्पदाब आणि सक्शनमधले अर्धा मीटर घर्षण यांची वजाबाकी-बेरीज करून उपलब्ध एनपीएसएच १.८ मीटर आला, आणि पंपाला हवा होता ३ मीटर. पंप बदलला नाही. अँगलचे स्टँड करून टाकी २.२ मीटर वर उचलली, तेव्हा उपलब्ध आकडा ४ मीटर झाला. आवाज त्याच दिवशी थांबला.

सावधान: सक्शनच्या बाजूचा व्हॉल्व्ह प्रवाह कमी करण्यासाठी कधीही वापरू नये. सक्शन पाइप पंपाच्या तोंडापेक्षा लहान नसावा आणि पाणी खालून उचलायचे असल्यास जागोजागच्या बेंडमध्ये हवा अडकेल अशी कमान त्यात नसावी.

विहिरीतून किंवा हौदातून वर उचलायचे असेल, तर साध्या पाण्यासाठीही पाच-सहा मीटरच्या पुढे सक्शनची उंची नेऊ नये. त्याहून खोल असेल तर पंप खाली न्यावा किंवा सबमर्सिबल घ्यावा.

## टप्पा ६: पंपाचा प्रकार

वरचे पाच टप्पे नीट झाले असतील तर हा टप्पा फारसा वेळ घेत नाही.

पातळ आणि बऱ्यापैकी स्वच्छ द्रवासाठी सेंट्रिफ्यूगल. चिकटपणा शंभर सेंटिस्टोकच्या पुढे जाऊ लागला की त्याचे हेड, प्रवाह आणि कार्यक्षमता तिन्ही उतरतात, आणि दोनशे-तीनशेच्या पुढे दुसरा प्रकार पाहणेच योग्य. स्वच्छ तेलासाठी गिअर पंप चालतो. मळी, ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) गाळ किंवा मक्याच्या स्टार्चचा लगदा यांसाठी स्क्रू पंप बरा. मात्र त्याचा रबरी स्टेटर (आतला न फिरणारा भाग) कोरडा चालला तर काही मिनिटांत जळतो, म्हणून कोरडे चालण्यापासून संरक्षण देणारा सेन्सर पंपाबरोबरच मागवावा. आम्लाच्या पिंपासाठी आणि लहान फिल्टर प्रेससाठी हवेवर चालणारा डायफ्राम पंप सोयीचा. फिल्टर प्रेसची मागणी दुहेरी असते: सुरुवातीला प्रवाह जास्त आणि दाब कमी, शेवटी दाब जास्त आणि प्रवाह जवळजवळ शून्य. विक्रेत्याला दोन्ही बिंदू द्यावेत.

सावधान: गिअर, स्क्रू, प्लंजर अशा धनविस्थापन पंपांना (दर फेरीला ठरावीक द्रव पुढे ढकलणाऱ्या) रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की आपोआप उघडणारा) असलाच पाहिजे आणि ते डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून कधीही सुरू करू नयेत. सेंट्रिफ्यूगल पंप डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करायची सवय असलेला कामगार गिअर पंपावरही तेच करतो, आणि मग पाइप फुटतो किंवा शाफ्ट तुटतो. दोन्ही पंप एकाच शेडमध्ये असतील तर व्हॉल्व्हवर मराठीत पाटी लावावी.

## टप्पा ७: वक्र मागवा आणि त्यावर आपला बिंदू स्वतः मांडा

विक्रेत्याकडून कॅटलॉगमधला तक्ता घेऊन थांबू नये. त्या पंपाचा वक्र मागवावा. त्यावर प्रवाह-हेडची रेषा, कार्यक्षमता, शक्ती आणि लागणारा एनपीएसएच या चारही गोष्टी असाव्यात आणि इंपेलरचा व्यास लिहिलेला असावा.

पेन्सिलीने आपला बिंदू त्यावर मांडावा. सर्वोत्तम कार्यक्षमतेच्या प्रवाहाला शंभर मानले, तर आपला नेहमीचा प्रवाह सत्तर ते एकशेवीसच्या मध्ये पडला पाहिजे. फार डावीकडे पडला तर द्रव आतल्या आत घुसळला जातो, तापतो, शाफ्ट वाकतो आणि बेअरिंग व सील लवकर जातात. फार उजवीकडे पडला तर एनपीएसएचची गरज वाढते आणि मोटारीवर भार येतो. नंतर किमान आणि कमाल प्रवाहाचे बिंदूही मांडावेत. किमान बिंदू फार डावीकडे जात असेल तर बायपास (काही द्रव परत मागे नेणारा फाटा) ठेवावा.

सर्वात मोठ्या व्यासाचा इंपेलर असलेला पंप घेऊ नये, म्हणजे पुढे गरज वाढली तर त्याच केसिंगमध्ये मोठा इंपेलर बसवता येतो. उलट, जुना पंप मोठा झाला असेल तर नवा घेण्याआधी इंपेलरचा व्यास उत्पादकाच्या मर्यादेत कापून कमी करून घेता येतो का, ते पाहावे. ज्या प्रणालीत हेडचा मोठा वाटा घर्षणाचा आहे, तिथे व्हीएफडीही (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण) चांगले काम करते: वेग दहा टक्क्यांनी कमी केला की शक्ती सुमारे सत्तावीस टक्क्यांनी उतरते. पण उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपावर तेवढी बचत होत नाही, कारण उंची वेगाबरोबर कमी होत नाही.

दोन पंप समांतर लावले म्हणजे प्रवाह दुप्पट होतो हा समजही इथेच तपासून घ्यावा. पाइप तोच असल्याने घर्षण वाढते आणि दुप्पटीपेक्षा बरेच कमी पाणी मिळते.

## टप्पा ८: सील आणि मोटार

ग्लँड पॅकिंगमधून (शाफ्टभोवती दाबून बसवलेल्या दोरीतून) मिनिटाला चाळीस ते साठ थेंब पडलेच पाहिजेत. तेच पाणी त्याला थंड ठेवते. गळती दिसते म्हणून ग्लँड आवळत जाणारा फिटर शाफ्टची स्लीव्ह कापून ठेवतो. गळती चालणारच नसेल तर मेकॅनिकल सील घ्यावे, आणि ते कोरडे चालू देऊ नये. सीलमधले रबर द्रवानुसार ठरवावे: ईपीडीएम गरम पाण्याला आणि कॉस्टिकला चांगले, पण तेलात ते फुगते, तेलासाठी नायट्राइल किंवा व्हिटॉन, आणि व्हिटॉन पुन्हा गरम कॉस्टिकला चालत नाही.

बहुतेक मोटारींचे रेटिंग भोवतालचे तापमान ४० अंश धरून दिलेले असते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा त्याच्या वर असतो आणि पत्र्याच्या बंद शेडमध्ये तो आणखी चढतो. म्हणून चौकशीपत्रात भोवतालचे तापमान ५० अंश लिहावे आणि त्या तापमानाला मोटार किती किलोवॅट देते ते लेखी घ्यावे. व्होल्टेजही नोंदवावे: मोटारीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ४१५ च्या जागी ३५० व्होल्ट आले तर सुरुवातीचा जोर सुमारे ७१ टक्केच उरतो. घट्ट द्रवाचा पंप थंडीत पहाटे सुरू न होण्याचे कारण पुष्कळदा हेच असते.

मोटारीचा आकार पंपाच्या वक्रावरील कमाल प्रवाहाला लागणाऱ्या शक्तीवरून ठरवावा. आपल्या ४.४ किलोवॅटच्या उदाहरणाला साडेपाच किलोवॅटची, म्हणजे साडेसात एचपीची मोटार येते. आकडा तोच आला, जो दुकानात पहिल्या वाक्यात सांगितला जातो. फरक इतकाच की आता त्यामागे हिशेब आहे आणि १०० मिलिमीटर पाइप घेतल्यास भार किती उतरेल हेही माहीत आहे.

## टप्पा ९: कोटेशनांची तुलना

किमतीचा कागद शेवटी उघडावा. आधी प्रत्येक विक्रेत्याने आपल्या बिंदूवरील कार्यक्षमता, लागणारा एनपीएसएच, इंपेलरचा व्यास, धातू, सीलचा प्रकार आणि मोटारीचा वर्ग लिहिला आहे का, ते पाहावे. एकाने जरी गाळले असेल तर लिहून घेईपर्यंत तुलना करू नये. ६५ टक्के आणि ५५ टक्के कार्यक्षमतेच्या दोन पंपांत आपल्या उदाहरणात वर्षाला सुमारे ५,४०० युनिटांचा फरक पडतो. स्वस्त पंपाची किंमत हा आकडा शेजारी लिहूनच वाचावी. पंप मोठा असेल तर आयएसओ ९९०६ प्रमाणे चाचणीचा अहवाल मागावा आणि चाचणीचा दर्जा कोणता, हे खरेदी आदेशातच लिहावे.

सुटे भाग जळगावात किंवा धुळ्यात किती दिवसांत मिळतात, हेही विचारावे. हंगामात आठ दिवस पंप बंद राहिला तर बाकी सगळा हिशेब बाजूला राहतो.

## टप्पा १०: बसवणे आणि पहिली चाचणी

सक्शनकडे पाइप लहान करताना एककेंद्री नव्हे तर एका बाजूने सपाट असलेला रिड्यूसर वापरावा, आणि पाणी खालून किंवा आडवे येत असेल तर सपाट बाजू वर ठेवावी, नाहीतर वरच्या कोपऱ्यात हवा साठते. पंपाच्या तोंडाआधी पाइपच्या व्यासाच्या पाच ते दहा पट सरळ लांबी ठेवावी; बेंड थेट तोंडाला जोडू नये. पाइपचे वजन पंपावर येऊ देऊ नये. याची परीक्षा सोपी आहे: फ्लँजचे बोल्ट ढिले केल्यावर पाइप जागेवरच राहिला पाहिजे, बाजूला उडता कामा नये.

अलाइनमेंट (पंप आणि मोटार यांचे शाफ्ट एका रेषेत असणे) तीन वेळा तपासावे: ग्राउटिंग (बेसप्लेटखाली भरलेले सिमेंट) सुकल्यावर, पाइप जोडल्यावर, आणि गरम द्रवाचा पंप असेल तर तो तापल्यावर. कारखान्यातून जोडून आला म्हणून अलाइनमेंट बरोबर असेल, असे धरू नये. ट्रकमधून येताना बेसप्लेट हलतेच.

मोटारीची फिरण्याची दिशा कपलिंग (मोटार आणि पंप जोडणारा भाग) सोडून पाहावी. उलट फिरणारा सेंट्रिफ्यूगल पंपही थोडेफार पाणी देतो, म्हणून ही चूक अनेक महिने लपून राहते.

चाचणीच्या दिवशी केसिंग द्रवाने पूर्ण भरून हवा काढावी, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून सेंट्रिफ्यूगल पंप सुरू करावा आणि दाब स्थिर होताच तो आकडा टिपून काही सेकंदांतच व्हॉल्व्ह उघडावा. दोन्ही गेजांमधला फरक मीटरमध्ये बदलून वक्रावरील शून्य प्रवाहाच्या हेडशी ताडून पाहावा. पाण्यासाठी चौरस सेंटिमीटरला एक किलो म्हणजे दहा मीटर. तेलासाठी घनतेने भागायला विसरू नये. तो जुळला नाही तर इंपेलरचा व्यास, फिरण्याची दिशा किंवा वेग यांपैकी काहीतरी चुकलेले आहे, आणि ते शोधल्याशिवाय पंप ताब्यात घेऊ नये.

जुळला, तर नेहमीच्या प्रवाहावर दोन्ही बाजूंचे दाब, अँपिअर, व्होल्टेज, द्रवाचे तापमान आणि बेअरिंगचे तापमान तारखेसह एका कागदावर लिहावे. तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा आणि खाली दोन रिकाम्या ओळी ठेवाव्यात: एक मे महिन्यातल्या दुपारच्या नोंदीसाठी, दुसरी जानेवारीतल्या पहाटेच्या नोंदीसाठी.